टायरचीही जन्मतारीख असते

जूनचा पहिला पाऊस पडला, की आमच्या अपघात विभागात दुचाकीवरून घसरून पडलेल्यांची रांग लागते. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेली धूळ आणि तेल पहिल्या सरींत भिजते आणि डांबरावर निसरडा थर तयार होतो. अशाच एका संध्याकाळी पस्तिशीतला एक गृहस्थ आला. घाटातल्या वळणावर त्याची क्रूझर, म्हणजे बुटक्या, लांब आणि जड बांध्याची मोटारसायकल, घसरली होती. कॉलर बोन मोडले होते. हेल्मेटमुळे डोके वाचले.

"डॉक्टर, टायरची नक्षी तर अजून चांगली होती हो," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मित्राने मोबाइलवर फोटो दाखवला. नक्षी खरोखर चांगली होती, पण टायर नऊ वर्षांचा होता. गाडी फक्त सुटीच्या दिवशी बाहेर निघायची. त्यामुळे टायर फारसा झिजला नाही, नुसता म्हातारा झाला. अपघाताला ओला रस्ता, वळण आणि वेगही जबाबदार असतील. तरी त्या रात्री घरी येऊन मी टॉर्च घेऊन माझ्या गाडीजवळ बसलो. माझा पुढचा टायर सात वर्षांचा निघाला!

ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांमुळे रबर हळूहळू कडक होते आणि त्याला बारीक भेगा पडतात. कडक रबर रस्त्याच्या खडबडीतपणात नीट रुतत नाही, म्हणून पकड कमी होते. टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. ब्रेक दाबल्यावर ती किती अंतरात थांबेल, हे या पकडीवर ठरते. पकड निम्मी झाली, की ते अंतर दुप्पट होते.

म्हणून नवा टायर घेताना आधी जन्मतारीख पाहा. टायरच्या बाजूवर 'डॉट' या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. '२३२४' म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. औषधाच्या पाकिटावरची तारीख आपण पाहतो, तितक्याच काळजीने हे आकडे वाचा. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर स्वस्तात मिळत असेल, तर त्याचे तेवढे आयुष्य आधीच सरले आहे, हे लक्षात ठेवा. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा. दहा वर्षांपुढे तो कितीही चांगला दिसला तरी वापरू नये.

दुसरी गोष्ट मापाची. समजा टायरवर १४०/७०-१७ ६६पी असे लिहिले आहे. रुंदी १४० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १७ इंचांची. ६६ म्हणजे हा टायर ३०० किलोपर्यंत भार पेलतो आणि 'पी' म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. क्रूझरच्या मागच्या चाकावर जोडीदार आणि सामानाचेही वजन येते, म्हणून भाराचा आकडा कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी घेऊ नका. दिसायला भारदस्त म्हणून रुंद टायर चढवण्याचा मोह अनेकांना होतो. त्याच रिमवर तो टायर आवळला जातो, त्याची गोलाई बदलते, गाडी वळणात वेगळी वागते आणि कधी टायर शेजारच्या भागाला घासतो.

महामार्गावर सरळ धावून मागचा टायर मधोमध चपटा होतो. गाडी वळणात झुकवताना अचानक ढकलल्यासारखे वाटले, तर हे कारण असू शकते. नक्षीच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, की टायर बदलायलाच हवा. मागे आणि पुढे वेगवेगळ्या बांधणीचे, एक रेडियल आणि एक बायस, असे टायर कंपनीने सांगितल्याशिवाय बसवू नका. चाकात ट्यूब असेल, तर टायरबरोबर तीही नवी घाला. बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना, हे दुकानातून निघण्यापूर्वी बघा.

नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला गुळगुळीत असतो. पहिले दीडशे किलोमीटर जोरात ब्रेक मारणे आणि गाडी फार झुकवणे टाळा. हवा टायर थंड असताना, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यानुसार भरा.

त्या गृहस्थाचे हाड जुळले. शेवटच्या तपासणीला आला तेव्हा त्याने स्वतःहून नव्या टायरचे चार आकडे सांगितले. तुमच्या टायरचे आकडे तुम्हाला ठाऊक आहेत का? पाऊस सुरू होण्याआधी एकदा वाकून बघा.