करमाळ्याची आमदारकी: चिन्हं बदलतात, गट राहतात

केमचं कुंकू राज्यभर जातं आणि केमचं राजकारण करमाळ्याला जातं. कुंकवाचे कारखाने, उत्तरेश्वराचं देऊळ आणि पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं स्टेशन, ही या गावाची ओळख. गाव तालुक्याच्या दक्षिण टोकाला आहे. करमाळ्याहून कुर्डुवाडी जवळ, पण ती माढा तालुक्यात. त्यामुळे गावाची ये-जा एका दिशेला आणि सरकारी कागद दुसऱ्या दिशेला, असा प्रकार बरीच वर्षं चालला. २००८ च्या पुनर्रचनेनं कुर्डुवाडी शहर आणि माढ्याची गावं करमाळा विधानसभा मतदारसंघाला जोडली. मतदारसंघ क्रमांक २४४. ‘छत्तीस गावं’ हा शब्द तेव्हापासून तालुक्याच्या बोलण्यात कायमचा बसला, आणि कडेला असलेलं केम नव्या नकाशात दोन तुकड्यांच्या सांध्यावर आलं.

या मतदारसंघाची सर्वांत मोठी कहाणी मात्र त्याआधीची, म्हणजे तो अनुसूचित जातींसाठी राखीव होता त्या काळातली आहे. सोलापूरच्या न्यायालयात पट्टेवाल्याची नोकरी केलेला एक तरुण पुढे मुंबई पोलिसांत फौजदार झाला. शरद पवारांच्या आग्रहावरून त्यानं नोकरी सोडली ती करमाळ्याच्या उमेदवारीच्या भरवशावर. १९७२ मध्ये तिकीट मिळालं ते मात्र जुने खासदार तायप्पा सोनवणे यांना. नोकरी गेली, उमेदवारीही गेली. सोनवणे निवडून आले, पण त्यांच्या निधनानं जागा रिकामी झाली. १९७४ च्या पोटनिवडणुकीत त्या तरुणाला संधी मिळाली, तो जिंकला आणि लगेच राज्यमंत्री झाला. सुशीलकुमार शिंदे यांची ही पहिली आमदारकी. पुढं २००३ मध्ये मुख्यमंत्री आणि २०१२ मध्ये देशाचे गृहमंत्री झालेल्या माणसाचा विधानसभेचा दरवाजा करमाळ्यानं उघडला, याचा तालुक्याला अभिमान आहे. आरक्षण उठल्यावर शिंदे सोलापूरला गेले. ते साहजिकच होतं.

राखीव जागेच्या काळात तालुक्यातल्या मातब्बर पुढाऱ्यांना स्वतः उभं राहता येत नव्हतं. उमेदवार दुसरा, त्याच्यामागं माणसं उभी करणारे हे. निवडणूक आपल्या नावावर नसतानाही आपली माणसं सांभाळायची, ही सवय तेव्हाच लागली असावी, असा माझा अंदाज आहे. नामदेवराव जगताप हे त्या पिढीचं मोठं नाव. त्यांचा दबदबा जिल्हाभर होता, आणि जगताप गट हा करमाळ्यातला जुना गट. त्याला मोठा धक्का दिला मांगीच्या दिगंबरराव बागल यांनी. १९९५ ला महाराष्ट्रात अपक्षांची लाट होती. विधानसभेत पंचेचाळीस अपक्ष गेले, त्यात बागल एक. १९९९ ला ते राष्ट्रवादीकडून आले. राज्यमंत्रीही राहिले. २००४ ला नामदेवरावांचे चिरंजीव जयवंतराव जगताप यांनी जागा परत घेतली, तीही शिवसेनेच्या धनुष्यबाणावर. काँग्रेसी घराणं आणि चिन्ह सेनेचं, तरी गावोगावच्या कार्यकर्त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. २००९ ला दिगंबररावांच्या पत्नी श्यामल बागल राष्ट्रवादीच्या घड्याळावर विधानसभेत गेल्या.

१९९५ पासूनचे निकाल ओळीनं लावले तर अपक्ष, राष्ट्रवादी, शिवसेना, राष्ट्रवादी, शिवसेना, अपक्ष, राष्ट्रवादी (शरद पवार) असा क्रम येतो. पक्षाच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला वाटेल, इथला मतदार भलताच चंचल. पण तो आपापल्या गटाशी घट्ट आहे. पक्षांतर पुढाऱ्यानं केलं की त्याच्यामागचं गाव त्याच्यासोबत जातं. पारावर ‘कोणत्या पक्षाचे?’ असं कुणी विचारत नाही. ‘कुणाच्या गटाचे?’ असंच विचारतात.

याचं कारण सोयरीक आणि भावकी एवढंच नाही. पाणी आणि साखर कारखाना हे त्याहून मोठं कारण. भीमेवरच्या उजनी धरणात या तालुक्याची गावं आणि काळी जमीन गेली. त्याच धरणाच्या फुगवट्यानं पश्चिमेकडं ऊस आणि केळी आणली. कंदरची केळी परदेशात जातात. पूर्वेकडं मात्र ज्वारीचा कोरडा पट्टा. त्या पट्ट्याला उजनीचं पाणी चढवणारी दहिगाव उपसा सिंचन योजना ही प्रत्येक निवडणुकीची पहिली सभा खाते. पाणी आल्यावर ऊस येतो, आणि ऊस आला की तो कुणाच्या कारखान्याला घालायचा हा प्रश्न येतो. शेळगाव-भाळवणीचा आदिनाथ आणि भिलारवाडीचा मकाई हे दोन सहकारी कारखाने म्हणजे तालुक्याच्या राजकारणाचे दोन किल्ले. मकाईवर बागल गटाचं वर्चस्व राहिलं. आदिनाथसाठी सगळेच झुंजले. उसाची तोड कधी येणार आणि बिल कधी मिळणार, हे ज्याच्या हातात त्याच्याकडं मत जाणार. जेऊरचे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’ चित्रपटातले पुढारी तात्या याच मातीत उभे केले, तेव्हा करमाळ्याच्या प्रेक्षकाला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

२०१४ ची निवडणूक तर मोजणीच्या टेबलावर बसलेल्यांचाही घाम काढणारी. जेऊरचे नारायण पाटील ऊर्फ आबा (शिवसेना) यांना ६०,६७४ मतं, दिगंबररावांच्या कन्या रश्मी बागल (राष्ट्रवादी) यांना ६०,४१७, आणि स्वाभिमानी पक्षाकडून उतरलेले संजयमामा शिंदे ५८,३७७. आबा जिंकले ते २५७ मतांनी. पहिल्या आणि तिसऱ्या उमेदवारात २,२९७ मतांचा फरक. एक गाव इकडचं तिकडं झालं असतं तर निकाल उलटला असता.

मामा माढा तालुक्यातल्या निमगावचे. बंधू बबनदादा शिंदे हे माढ्याचे अनेक वेळा आमदार राहिले. मामांच्या गणितात म्हणूनच छत्तीस गावं पायाला होती. बाहेरचा उमेदवार, ही टीका तालुक्यात झाली, पण मतदारसंघाच्या नकाशानं ती अर्धी निष्प्रभ केली होती. २०१९ ला लोकसभेत माढ्यातून हरल्यावर ते विधानसभेला अपक्ष उभे राहिले. त्याच वेळी शिवसेनेनं विद्यमान आमदार पाटलांना डावलून नुकत्याच पक्षात आलेल्या रश्मी बागल यांना उमेदवारी दिली, म्हणून पाटीलही अपक्ष. निकाल असा, की पहिले दोघेही अपक्ष: शिंदे ७८,८२२, पाटील ७३,३२८. धनुष्यबाण तिसरा. राज्यात युती-आघाडीची चर्चा रंगली असताना करमाळ्यानं दोन्ही बाजूंची चिन्हं बाजूला ठेवली, गटनिष्ठेचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला तरी माहीत नाही.

पुढच्या पाच वर्षांत राज्यातले पक्षच फुटले. करमाळ्याला ते काही नवं नव्हतं. मे २०२४ मध्ये कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडं निघालेली बोट उजनीत उलटून सहा जण बुडाले, आणि पलीकडं जाण्यासाठी पूल हवा ही जुनी मागणी प्रत्येक गटाच्या तोंडी आली. त्याच उन्हाळ्यात माढा लोकसभेत धैर्यशील मोहिते-पाटील निवडून आले. मोहिते-पाटलांच्या गोटातले नारायण पाटील नोव्हेंबरमध्ये विधानसभेला राष्ट्रवादीची (शरद पवार) तुतारी घेऊन उतरले. शिंदे पुन्हा अपक्ष, आणि महायुतीचा धनुष्यबाण बागल घराण्यातल्या दिग्विजय बागल यांच्याकडं. पाटील ९६,०९१, शिंदे ८०,००६, बागल ४०,८३४. आबांचा फरक आता १६,०८५ वर गेला होता. तिरंगी लढत तीच, घराणीही तीच.

एप्रिल २०२५ मध्ये आदिनाथची निवडणूक झाली, तीही पाटील गटानं जिंकली. आता जनगणना येत आहे आणि तिच्यामागं मतदारसंघांची नवी आखणी. छत्तीस गावं करमाळ्यातच राहिली तर माढ्याच्या पुढाऱ्यांचा रस्ता उघडा राहील, ती परत गेली तर लढत तालुक्यातल्या तालुक्यात. कुठल्या गटाला काय सोयीचं, याचे हिशेब चहाच्या टपऱ्यांवर आत्ताच सुरू झाले आहेत.