भार आला की बंद पडणारा पीसी

निळा पडदा नाही, कसला संदेश नाही. गेम किंवा रेंडरिंग ऐन भरात असताना पीसी दिवा गेल्यासारखा विझतो आणि लगेच आपोआप सुरू होतो. कधी मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय उठतच नाही. टायपिंगला तोच पीसी दिवसभर बिनतक्रार चालत असल्याने संशय आधी व्हायरसवर जातो आणि फॉरमॅट मारण्यात रविवार फुकट जातो. खरा संशयित असतो एसएमपीएस.

भिंतीतल्या 230 व्होल्ट एसीतून हा डबा 12, 5 आणि 3.3 व्होल्ट डीसी तयार करतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची भूक मुख्यतः 12 व्होल्टवर भागते. एटीएक्स मानकानुसार हा दाब 11.4 व्होल्टच्या खाली जायला नको. ओढ कुवतीबाहेर गेली की दाब बसतो किंवा आतलं संरक्षण पुरवठा तोडतं.

बडोद्यात सयाजीगंजच्या दुकानांतून पीसी जुळवून घेताना पुष्कळदा कॅबिनेटबरोबर आलेलाच एसएमपीएस राहू दिला जातो. डब्यावर ठळक अक्षरांत 450 लिहिलेलं असतं; वाचायचा असतो तो लेबलवरचा बारीक तक्ता. तिथे 12 व्होल्टसमोर 16 अँपिअर असेल, तर हाती फक्त 192 वॉट. पुढे त्याच पीसीत आरटीएक्स 3060 बसवलं की एकट्या कार्डाला 170 वॉट लागतात, 65 वॉटचा प्रोसेसर वेगळाच. त्यात मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशीपार जातो, जाळीत धूळ बसलेली असते आणि जुने कपॅसिटर उष्णतेने आणखी दुबळे होतात.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अशा वेळी ‘कर्नल-पॉवर 41’ अशी नोंद सापडते. तिचा अर्थ एवढाच, की यंत्र रीतसर बंद झालं नाही. कारण ती सांगत नाही. म्हणून आधी तापमान बघावं. प्रोसेसर शंभर अंशांना टेकत असेल, तर दोष पंख्याचा किंवा वाळलेल्या पेस्टचा. एसी सुरू होताच घरातले दिवेही मंद होत असतील, तर वायरमनला बोलवावं. हे दोन्ही नसेल, तर प्राइम95 ने प्रोसेसर आणि फरमार्कने ग्राफिक्स कार्ड आधी वेगवेगळं राबवावं, मग दोन्ही एकदम. वेगवेगळे तासभर तग धरतात आणि एकत्र आले की पीसी बसतो, हा सर्वांत बोलका पुरावा.

हिरवी आणि काळी वायर जोडून ‘सप्लाय चालू आहे’ असा निर्वाळा देण्याची दुकानी पद्धत इथे कुचकामी आहे. त्यात भारच नसतो. मल्टिमीटरने पिवळ्या-काळ्या वायरींमधला दाब मोजावा तो चाचणी चालू असताना. तरीही काही मिलिसेकंदांचा झोल मीटरला दिसत नाही. शेवटी पुरेशा कुवतीचा, चालता एसएमपीएस मित्राकडून आणून दोन दिवस लावून बघणं हाच निकाल. त्यावरही पीसी पडला, तर रॅम आणि मदरबोर्डकडे वळावं.

काढलेला डबा मात्र उघडू नये. वायर उपटल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर दाब काही काळ टिकून राहू शकतो.