‘ड्यून’ पहिल्या पुस्तकावर थांबू नका

डेनी विलनवचा तिसरा ‘ड्यून’ चित्रपट डिसेंबर 2026 मध्ये यायचा आहे आणि त्याला आधार आहे तो फ्रँक हर्बर्टच्या दुसऱ्या कादंबरीचा, 1969 च्या ‘ड्यून मसाया’चा. आधीचे दोन चित्रपट पाहून मूळ पुस्तकाकडे वळलेले अनेक वाचक 1965 च्या जाडजूड पहिल्या खंडावरच थांबतात. बापाचा खून, वाळवंटात आसरा, सूड, सिंहासन... गोष्ट पूर्ण झाल्यासारखी वाटते आणि फसगत होते ती इथेच. आपल्या नावानं धर्मयुद्ध पेटणार हे कथानायक पॉल अट्रायडिसला पहिल्या पुस्तकातच दिसत असतं. विजयाच्या धुंदीत ते वाचकाच्या नजरेतून निसटतं. ‘मसाया’ सुरू होतं ते बारा वर्षांनी. तोवर 61 अब्ज माणसं मेलेली आहेत, नव्वद ग्रह निर्जीव झाले आहेत. हा हिशेब पॉल स्वतः मांडतो, तोही चंगीझ खान आणि हिटलर यांची नावं घेऊन. पहिली कादंबरी ‘अ‍ॅनालॉग’मध्ये क्रमशः छापणाऱ्या जॉन कॅम्पबेल या संपादकानं दुसरी मात्र नाकारली, नायकाची ही परवड त्याला रुचली नाही. पण ती हर्बर्टला मागाहून सुचलेली नव्हती. पहिलं पुस्तक पूर्ण होण्याआधीच दुसऱ्या आणि तिसऱ्याचे काही भाग लिहून झाले होते, असं त्यानंच नोंदवलं आहे.

मालिकेची लांबी म्हणजे पाल्हाळ नव्हे, हे सर्वांत नीट कळतं ते अराकिस या वाळवंटी ग्रहाच्या मातीवरून. ऑरेगनमधल्या फ्लोरेन्स गावाजवळ सरकती वाळू गवत लावून थोपवली जात होती, ते काम पाहताना हर्बर्टच्या डोक्यात या कथेचं बीज पडलं. अराकिस हिरवा करायचं तिथल्या फ्रेमेन लोकांचं स्वप्न पहिल्या पुस्तकात मन हेलावून टाकतं. पण वाळूतल्या महाकाय कृमींना पाणी म्हणजे विष. आणि ज्या ‘मसाल्या’वाचून अंतराळप्रवास ठप्प होतो, तो या कृमींच्याच जीवनचक्रातून निर्माण होतो. चौथ्या पुस्तकापर्यंत साडेतीन हजार वर्षं लोटतात. नद्या वाहू लागतात, वाळवंट जेमतेम उरतं आणि फ्रेमेन पूर्वजांच्या रूढींचं नुसतं प्रदर्शन मांडत जगतात. त्यांना म्हणतातच ‘म्युझियम फ्रेमेन’. स्वप्नाची किंमत अशी पिढ्यान्‌पिढ्या चुकवली जाते आणि ती दाखवायला एक खंड पुरता ना.

परक्या राजपुत्रानं वाळवंटी टोळ्यांचं तारणहार व्हावं, हा आक्षेप ‘ड्यून’वर नेहमी घेतला जातो. पहिल्या पुस्तकापुरता तो समजण्यासारखा आहे. पण तारणहार येणार ही श्रद्धा बेने जेसरिट पंथानं आपल्या सोयीसाठी आधीच पेरून ठेवली होती, हे हर्बर्ट तिथेही लपवत नाही. आणि त्या श्रद्धेनं फ्रेमेनांचं काय झालं, ते पुढचे खंड सांगतात. दुसरी तक्रार रास्त आहे. चौथ्या पुस्तकात पॉलचा मुलगा लेटो याची प्रवचनं थकवतात, पाचव्यात पुन्हा दीड हजार वर्षांची उडी आणि जवळपास सगळी नवी माणसं. सहाव्याच्या शेवटी गाठ सुटायची राहते, कारण 1986 मध्ये हर्बर्ट गेला. तरीही पहिली चार पुस्तकं मिळून एकच कादंबरी आहे, असं माझं ठाम मत आहे. निदान ‘मसाया’ तरी चित्रपट येण्याआधी वाचा. सहा पुस्तकांत ते सर्वांत लहान आहे.