बर्फाच्या मुलखातले तेल

वाचकहो, इंजिनाचे वाटीभर डिझेल विहिरीत सांडले तर तवंग किती पसरतो, हे तुम्हाला सांगायला नको. जानेवारी १९८९ मध्ये 'बाहिया पराइसो' हे अर्जेंटिनाचे जहाज अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले आणि सुमारे ६ लाख लिटर इंधन समुद्रात गेले. पेंग्विन दगावले, समुद्रपक्ष्यांची पिले गेली.

हे एका जहाजाचे. तिथे तेलविहिरीच खोदल्या असत्या तर? तसा परवाना देणारा करार १९८८ साली तयारही होता! तो बारगळला, हे बरेच झाले. १९९१ मध्ये माद्रिदला खनिज व तेल काढण्यावर बंदीचा करार झाला. १९९८ पासून तो लागू आहे. भारतही त्यात आहे. ही बंदी २०४८ साली संपणार असे पुष्कळजण सांगतात, ते खरे नाही. तेव्हापासून फेरविचार मागता येईल, एवढेच.

पण हवा काही करार वाचून तापत नाही. २००२ साली 'लार्सन बी' हा तरंगत्या बर्फाचा थर, बृहन्मुंबईच्या पाचपट, महिनाभरात फुटला. तरंगता बर्फ वितळून समुद्र फारसा वाढत नाही. मात्र मागच्या हिमनद्यांना तोच बांध होता. बांध फुटला आणि त्या वेगाने समुद्राकडे सरकू लागल्या. तोच समुद्र कोकणातल्या खारबंधाऱ्यांना टेकलेला आहे.