पायाच्या आधी परवाना



भात झोडून झालं, खळं मोकळं झालं की आपल्याकडे घराच्या कामाला हात लागतो. मुलाचं लग्न ठरलेलं असतं, जुनं घर अपुरं पडतं. मग माणूस म्हणतो, "जमीन बापजाद्यांची, सातबारा माझ्या नावावर. परवानगी कशाला?" इथंच चूक होते. जमीन कुणाच्या नावावर आणि तिच्यात काय पिकतं, एवढंच सातबारा सांगतो. तिथं घर बांधता येईल की नाही, हे तो सांगत नाही.

मीरा-भाईंदरला १९८५ साली नगरपरिषद झाली. पुढे राई-मुर्धे, डोंगरी, उत्तन ही गावंही तिच्यात आली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. म्हणजे शेत असलं तरी बांधकामाची परवानगी महानगरपालिकेच्या नगररचना विभागाकडून घ्यावी लागते. त्यासाठी १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा लागू आहे.

काम या क्रमानं करा:

१. आपला सर्व्हे नंबर विकास आराखड्यात कशात येतो ते पाहा. रहिवास, हरित पट्टा, रस्ता की आरक्षण? तसा झोन दाखला मागून घ्या.

२. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. सातबाऱ्यावर भाऊ-बहिणींची नावं असतील तर त्यांची लेखी संमती घ्या.

३. परवानाधारक वास्तुविशारदाकडून किंवा अभियंत्याकडून नकाशे करून अर्ज द्या व पोच जपून ठेवा. निर्णयासाठी कायद्यात ६० दिवस आहेत. नकार आला तर ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं.

४. 'बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र' हाती आल्यावरच पाया खणा. ते एक वर्ष चालतं. काम लांबलं तर मुदत संपण्याआधी वाढवून घ्या.

५. काम पुरं झाल्यावर भोगवटा दाखला घ्या, मगच राहायला जा.

खाजणाकडच्या शेतकऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. तिवरांच्या कडेपासून ५० मीटरच्या आत बांधकाम करू नये, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ साली ठरवून दिलं आहे. जमीन खाजगी असली तरी ही मनाई लागू आहे. समुद्र व खाडीकाठी किनारा नियमन क्षेत्राचे नियमही लागतात, ते आधी विचारून घ्या.

पुष्कळ जण घरपट्टीची पावती दाखवतात आणि म्हणतात, "कर भरतो, मग घर कायदेशीरच!" तसं नाही. कर लागला म्हणून विनापरवाना बांधकाम नियमित होत नाही. नोटीस आली तर ते पाडलं जाऊ शकतं आणि बांधणाऱ्याला शिक्षाही होऊ शकते. बायकोचे दागिने मोडून, कर्ज काढून उभी केलेली भिंत एका सकाळी जमीनदोस्त होते. कर्जाचे हप्ते मात्र उभेच राहतात. "मी सगळं सांभाळून घेतो" म्हणणारा मध्यस्थ त्या दिवशी सापडत नाही.

पेरणीआधी आपण भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकतो. पोचट दाणा वर तरंगतो, भरलेला तळाशी बसतो. घराच्या कागदांचीही पाया खणण्याआधी अशीच पारख करा. दोन हेलपाटे जास्त पडले तरी चालतील, घर मात्र पिढ्यान् पिढ्या टिकलं पाहिजे.