अनुभवाचें माप

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारास ‘अनुभव कितीसा?’ असें विचारणें रास्तच होय. परंतु अनुभव केवळ वर्षांनीं मोजावा काय? १८५७ सालीं अध्यक्ष झालेले ब्युकॅनन प्रतिनिधिगृह, सिनेट, परराष्ट्रमंत्रिपद, रशिया-इंग्लंडांतील वकिलाती, सारें पाहून आले होते. तरी सात संस्थानें फुटून निघालीं तेव्हां, हें बेकायदा असलें तरी बळानें रोखण्याचा आपणांस अधिकार नाहीं, असें म्हणून ते स्वस्थ राहिले. १८६१ मध्यें आलेल्या लिंकनपाशीं इलिनॉय विधिमंडळाचीं आठ व प्रतिनिधिगृहाचीं दोनच वर्षें होतीं; संघराज्य राखलें तें त्यांनीं. अनुभव निरर्थक, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु उमेदवारानें किती पदें भूषविलीं याहून, अडचणींत कोणते निर्णय घेतले, हें मतदारानें आधीं पाहावें. घरचा कारभार सोंपवितांना आपणही तेंच पाहतों.