केसपेपर काढा आणि मानसोपचार विभाग विचारा

आमच्या वस्तीतील एका बाईंनी चार घरची धुणीभांडी करून मुलाला आयटीआयपर्यंत शिकविले. फिटर होऊन तो कारखान्यात लागला आणि सहा महिन्यांत रात्र रात्र जागू लागला. पत्र्यावर माणसे बसून आपल्याला शिव्या देतात असे तो म्हणायचा. पत्र्यावर कोणीच नसे. कोणी म्हणाले करणी, कोणी म्हणाले लग्न करून द्या. आईने कर्णफुले मोडून देवऱ्हाशाचे पैसे भरले. मी शिकलेला माणूस, म्हणून मीही शहाणपणा केला. "मन खंबीर ठेव, वाचन वाढव," असे त्याला सांगत राहिलो. ज्याच्या कानात चोवीस तास शिव्या आहेत त्याला हा सल्ला काय कामाचा? यात आठ महिने गेले. नोकरीही गेली.

दवाखान्याचे नाव काढले की आई रडायची. "ठाण्याला टाकतील हो माझ्या पोराला!" ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. येरवड्याचेही जुने. त्यांच्या भिंतींची धास्ती आपल्या आज्यांपासून चालत आली आहे. प्रत्यक्षात मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणारे बहुतेक रुग्ण तपासून, गोळ्या घेऊन त्याच दिवशी घरी परततात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. भूल दिल्याशिवाय शॉक देण्यासही मनाई आहे.

शेवटी आम्ही तिघे सरकारी रुग्णालयात गेलो. मी बी.कॉम. झालेला कारकून. औषधांतले मला कळत नाही, पण रांगेत उभे राहण्याचा अनुभव दांडगा. केसपेपरच्या खिडकीवर मानसोपचार विभागाचे दिवस विचारले आणि त्या दिवशी सकाळी लवकर गेलो.

डॉक्टरांनी आधी मुलाला एकट्याला बसवून घेतले, मग आईला. झोप किती, जेवण कसे, डोक्याला कधी मार लागला होता का, फिट येते का, गांजा-दारू आहे का, घरात पूर्वी कोणाला असे झाले होते का. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारले. आई दचकली. पण असे विचारल्याने तो विचार माणसाच्या डोक्यात शिरत नाही, उलट त्याला मन मोकळे करता येते, असे डॉक्टरांनी समजावले. नंतर रक्त तपासायला पाठविले, कारण थायरॉइडसारख्या शरीराच्या दुखण्यानेही मन बिघडू शकते. एवढे झाल्यावर गोळ्या लिहून दिल्या.

पहिल्या आठवड्यात हात थरथरू लागले. शेजारी म्हणाले, बंद करा. आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी गोळी बदलून दिली. फरक पडायला काही आठवडे लागतात. उदासपणाच्या आजारावरील गोळ्यांनाही साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि नेमक्या याच काळात आपले लोक डबी फेकून देतात. बरे वाटले म्हणून स्वतःच्या मनाने थांबविणे हेही तितकेच वाईट. या सगळ्या झोपेच्या गोळ्या असतात हा गैरसमज आहे. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते हे खरे, म्हणून चिठ्ठीशिवाय मेडिकलवाल्याकडून त्या घेऊ नयेत.

आता तज्ज्ञ शोधायचा कुठे? जिल्ह्याच्या सिव्हिल रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी चौकशी करावी. मुंबईत केईएम, नायर, सायन, जे.जे. येथे हा विभाग आहे. केंद्र सरकारचा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, आणि १९९६ पासून तो जिल्ह्यांपर्यंत नेण्यास सुरुवात झाली. म्हणून तालुक्याच्या गावीसुद्धा विचारायला संकोच करू नये. खाजगी डॉक्टर असेल तर पाटी वाचावी. एम.बी.बी.एस. नंतर मानसोपचारातील एम.डी. किंवा डी.पी.एम. लिहिलेले असावे. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात. ते कामही मोलाचे आहे, पण औषध लिहिण्याचा अधिकार त्यांना नाही. पाटीवर नुसते 'माइंड' लिहून हजारोंची पॅकेजे सांगणाऱ्यापासून लांब राहावे.

जाण्याआधी बोलायचे असेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते आणि घरच्यांनीही फोन केला तरी चालतो. मात्र कोणी जीवाचे बरेवाईट करण्याच्या बेतात असेल तर फोनवर वेळ न घालविता त्याला तडक मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे. त्याला एकटे सोडू नये.

पहिल्या भेटीला जाताना त्रास केव्हा सुरू झाला ते कागदावर लिहून न्या. आधीच्या चिठ्ठ्या आणि चालू औषधांची पाकिटेही बरोबर घ्या. आमच्या त्या बाईंना मुलगा पहिल्यांदा जागा राहिला तो महिना आठवेना. शेवटी कारखान्याच्या हजेरीवरून आम्ही तो काढला.